हनुवटीचा पहारा

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सातारा

ही वही पुराव्यासाठी आहे. तोंडी सांगितलेलं कोणी मानत नाही, स्वप्नाली तर मुळीच नाही. बायको असून माझ्या बाजूनं एक शब्द बोलत नाही. म्हणते, "तुमचा स्वभावच संशयी. दुधात पाणी दिसतं, काट्यात खोट दिसते." दुधात पाणी होतंच. पण ते असो.

प्रकरण असं आहे. माझ्या गिटारीला कोणीतरी हात लावतं. कार्यक्रमाआधी मी तारा लावून ठेवतो आणि स्टेजवर बसेपर्यंत त्या बदललेल्या असतात. गणपतीत कोरेगावला झालं, दिवाळी पहाटेला इथं साताऱ्यात झालं. एकदा झालं असतं तर हवेवर ढकललं असतं. लाकूड आहे, फुगतं, आकसतं. पण दर खेपेला हवा माझ्याच गिटारीवर का रुसेल?

नाव लिहायला हात धजत नाही, पण पुरावा म्हटल्यावर नाव आलंच. जिनेश. सांगलीजवळच्या माधवनगरचा, घरचं कापडाचं दुकान. वीसेक वर्षं माझ्यामागं उभा राहून तुणतुणं वाजवतो आणि झील ओढतो. मी ओळ सोडली की शेवटचा सूर उचलून पुढं ताणायचा, म्हणजे झील. माझ्या हातात गिटार असली तरी गाण्याची मांडणी शाहिरीचीच आहे. मागं झीलकरी नसेल तर माझं गाणं उघडं पडतं.

आणि हे आत्ताच का सुरू व्हावं? पुण्याच्या एका संस्थेला माझ्या गाण्यांचा अल्बम करायचा आहे. तेरा डिसेंबरला सांगलीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग. बावन्न वर्षांचा झालो. जत्रा, बारशी, सत्कार, सगळीकडं गायलो, पण माझं गाणं नीटसं कुठं जपून ठेवलं गेलं नाही. हे हुकलं तर पुन्हा कोणी विचारायला येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. संस्थेशी बोलणी जिनेशनंच केली. तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, यानं स्वतःसाठी काय बोलून ठेवलंय कोणास ठाऊक. कुठंतरी पाणी मुरतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

घरामागच्या ट्रान्सफॉर्मरची शीळ थांबत नाही. बारीक, सारखी. आज वायरमनला धरून आणलं. तो खांबाखाली उभा राहिला, वर बघितलं आणि म्हणाला, "काका, लाईन सकाळपास्नं बंद हाय. आवाज कसला यील?" म्हणजे मी खोटा. तक्रार लिहून घ्यायला नको म्हणून ही मखलाशी.

शिळेचा एक फायदा मात्र आहे. ती एकाच सुरात असते, त्यामुळं तारा लावताना आधार होतो. हल्ली मी तिलाच धरून लावतो.

स्वप्नाली शाळेत शिकवून घरी आल्यापासून एकच भुणभुण, "टीव्ही हळू करा, शेजारी काय म्हणतील?" हळू केला तर बातम्या देणारी बाई तोंडातल्या तोंडात बोलते. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. फोनचंही तेच. जिनेशचा फोन आला, अर्धं बोलणं कळलंच नाही. दोनदा "काय?" म्हणालो, तिसऱ्यांदा "बरं" म्हणून ठेवून दिला. कशाला "बरं" म्हणालो कोणास ठाऊक.

९ नोव्हेंबर, रविवार

काल आटपाडीला जत्रेत कार्यक्रम झाला. पुरावा मिळाला.

जाताना स्वप्नालीच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू तेलात कालवून नेलं होतं. तारा लावून झाल्यावर प्रत्येक खुंटीवर आणि तिच्या शेजारच्या लाकडावर मिळून एक बारीक रेघ ओढली. खुंटी फिरली की रेघ तुटणार. मग गिटार स्टेजवर ठेवली आणि मंडळींबरोबर जेवायला गेलो. जिनेश जैन आहे, दिवस मावळायच्या आत जेवतो आणि मग पाण्यालाही शिवत नाही. त्यामुळं आम्ही जेवायला गेलो की हा एकटाच स्टेजवर सामान राखत बसतो. वीस वर्षं मला ही सोय वाटत आली!

परत येऊन बघतो तर सहापैकी चार रेघा तुटलेल्या.

मी काही बोललो नाही. चोराला वाटलं पाहिजे की मालक झोपलाय. तारा तशाच ठेवून गायलो. माझ्या कानाला सगळं फसकं लागत होतं. दातात खडा आल्यासारखं वाटत होतं, पण आटपाडीकर खूश! एक म्हातारे धनगर बाबा मुद्दाम पुढं येऊन म्हणाले, "आज लय दिसांनी गिटार ग्वाड वाजली गड्या." लोकांना काय, तुणतुण्याला तार आहे एवढं कळलं तरी पुष्कळ.

आणखी एक. जिनेश आयुष्यभर माझ्या डाव्या खांद्यामागं उभा राहिला. काल उजवीकडं आला. विचारलं, तर म्हणाला, "दादा, हिकडनं बरं पडतंय."

"कुणाला बरं पडतंय?"

"तुमाला."

कॅमेरेवाला उजवीकडं उभा होता, ते मी बघितलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

जिनेशनं कुरियरनं एक डबी पाठवली. उघडली तर गिटारीच्या डोक्याला चिमट्यासारखं लावायचं एक यंत्र. तार छेडली की त्यावर काटा हलतो आणि सूर बरोबर आला की हिरवा दिवा लागतो. चिठ्ठीत लिहिलंय, "दादा, रेकॉर्डिंगला उपयोगी पडेल."

मला सूर दाखवायला यंत्र! शिंप्याला सुई कशी धरायची ते शिकवण्यातला प्रकार. लावून बघितलं, तर तांबडाच दिवा. साहजिक आहे. आमची जुळणी सिनेमातली नाही, यंत्राला ती कळायची नाही. ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

ही जुळणी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. हवालदार केरबा, तोफखाना. शिलाँगला असताना एका खासी दोस्तानं त्यांना गिटार शिकवली आणि निवृत्त होताना भेट म्हणून दिली. तीच ही. आबा ती घेऊन एस.टी.तून उतरले तेव्हा गावानं तिला 'मोठं तुणतुणं' असं नाव दिलं, ते आजवर टिकून आहे. आबांनी तिच्या शेवटच्या दोन बारीक तारा एकाच सुरात लावल्या, तंबोऱ्यात जोडाच्या असतात तशा. त्यावर ते धनगरी ओव्या म्हणायचे. पुढं मला लग्नाच्या बँडमधल्या एका गोवेकर बुवांनी कॉर्ड शिकवले, रेडिओनं इंग्रजी गाण्यांची बोटं शिकवली आणि उजव्या हाताचा ठेका मात्र मी धनगरांचा गजीढोल बघून उचलला. पण पाया आबांचा.

आबांची लावायची पद्धतही न्यारी होती. गिटार उभी मांडीवर घ्यायची, तिच्या खांद्यावर हनुवटी दाबून टेकवायची, डोळे मिटायचे आणि खुंट्या पिळायच्या. म्हणायचे, "लाकूड थरथरलं तर खोटं. गप बसलं तर खरं." फार भाविक माणूस. लेकराला थोपटावं तशी ती गिटार धरायचे. तंद्रीही तशीच. मागून चार हाका मारल्या तरी ढिम्म! आई म्हणायची, कलावंत माणूस, आपल्याच नादात असतो. मी ती पद्धत कधी उचलली नाही. मला कान होता, मला हनुवटीची काय गरज?

त्यांच्यावरचं माझं गाणं अल्बममध्ये पहिलं घेणार आहे.

तोफ बोलली बोलली, डोंगर झाला बहिरा
माझ्या आबाच्या गिटारीला हनुवटीचा पहारा

लोक विचारतात, डोंगर बहिरा कसा झाला? मी सांगतो, बाबांनो, पहाऱ्याला यमक हवं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल कवठे महांकाळला एका निवृत्त सुभेदारांच्या सत्काराचा कार्यक्रम. सापळा पक्का लावला होता.

या वेळी ठरवलं, आम्ही जेवायला जाऊ तेव्हा गिटार माझ्याबरोबरच येणार. पोचल्या पोचल्या, उजेडातच तारा लावल्या, रेघा ओढल्या. तेवढ्यात सुभेदारांनी फेटा बांधायला घरात नेलं. पंधरा-वीस मिनिटं गिटार मांडवात राहिली, पण मी निर्धास्त होतो. कारण जिनेशचं ताट माझ्यासमोर वाढलं होतं. दिवस मावळायला आलेला, म्हणजे तो जेवणार. जेवला नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी. माणूस गिटारीसाठी पोट मारणार नाही, असा माझा हिशेब.

परत आलो तर ताट तसंच. वर पत्रावळ झाकलेली. जिनेश लांब तुणतुणं पुसत बसलेला.

"जेवला न्हाईस?"

"आज उपास हाय दादा."

"कसला रं उपास? पर्युषण तर कवाच झालं."

"असाच. मनात आलं."

गिटार बघितली. पाच रेघा तुटलेल्या.

दुसऱ्याचं वाईट करायला माणूस उपाशी राहतो हे मी काल पहिल्यांदा बघितलं. इतका द्वेष? मी याचं काय वाकडं केलं? याच्या आईच्या, चंदनबालाबाईंच्या हातची पुरणपोळी मी घरच्यासारखी खात आलो. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

या वेळी मात्र गप्प बसलो नाही. सगळ्यांसमोर, माईकसमोर, तारा पुन्हा माझ्या सुरात आणल्या. शीळ कवठे महांकाळातही ऐकू येत होती. तिथल्या ट्रान्सफॉर्मरचीही तीच बोंब दिसते. जिनेशचा चेहरा पडला. गाणं सुरू झालं आणि मी तिरक्या नजरेनं बघतो तर हा माईकवाल्याला हात खाली करून खूण करतोय. गिटारीचा आवाज कमी करायची खूण! आणि झील इतकी चढी ओढतोय की माझा आवाज त्याच्याखाली झाकला जावा. माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून गात होता, जणू मीच त्याच्या मागं गायला आलोय. शेवटी सुभेदार म्हणाले, "जिनेशरावांनी आज पार मैदान मारलं." माझ्याबद्दल म्हणाले, "तुमचीबी तब्येत सांभाळा." तब्येतीला काय झालंय मला?

येताना गाडीत जिनेश शेजारीच बसला होता. त्याच्या पोटात कावळे ओरडत असणार. बिस्किटाचा पुडा पुढं करावा असं एकदा वाटलं, पण रात्र पडली होती, त्यानं खाल्लं नसतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कुकर करपला. स्वप्नाली म्हणते पाच शिट्ट्या झाल्या, तुम्ही शेजारीच बसला होता. मी म्हणालो एकही झाली नाही, शिट्टीच खराब आहे. ती माझ्याकडं बघत राहिली आणि डोळ्यांत पाणी आणलं. कुकरसाठी एवढं?

२९ नोव्हेंबर, शनिवार



दुपारी पोवई नाक्यावर तारा आणायला गेलो होतो. समोरच्या इमारतीतून स्वप्नाली आणि जिनेश बाहेर पडताना दिसले. जिनेश साताऱ्यात आलाय आणि मला पत्ता नाही! मी पानाच्या टपरीआड झालो. ती काहीतरी विचारत होती, हा मान हलवत होता, हातात कसलासा कागद. मग तिनं पदरानं डोळे टिपले आणि तो सांगलीच्या गाडीकडं गेला.

ते गेल्यावर इमारतीच्या पाट्या वाचल्या. खाली औषधांचं दुकान. पहिल्या मजल्यावर कान, नाक, घशाचा डॉक्टर. दुसऱ्या मजल्यावर वकील. जिनेशचा घसा तर ठणठणीत आहे, कवठे महांकाळला सगळ्यांनी ऐकला. म्हणजे वकील. अल्बमचा करार. माझ्या नावाच्या जागी त्याचं नाव, आणि माझी बायको साक्षीदार!

घरी आल्यावर विचारलं, "आज कुठं गेली होतीस?"

"शाळेत. कुठं जाणार?"

शनिवारी शाळा सकाळची असते. खोटंही नीट बोलता येत नाही तिला.

३० नोव्हेंबर, रविवार

जिनेशला बोलावून घेतलं. उभ्या उभ्या सांगितलं की रेकॉर्डिंगला तू नकोस. मी एकटा गाणार, झील नको, तुणतुणं नको.

वाटलं होतं भांडेल. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, तसा काही चपापला नाही.  मग म्हणाला, "तुमी म्हणाल तसं दादा. माझं काय न्हाई. पर एक ऐका. स्टुडिओत गिटार आबांच्या रीतीनं लावा. हनुवटी टेकून."

"माझ्या बापाची रीत तू मला शिकवतोस?"

"शिकवत न्हाई. इनंती करतोय."

स्वप्नाली दारात उभी होती. तिनं काहीतरी म्हटलं. मला ऐकू गेलं नाही आणि मी विचारलंही नाही. जिनेश तिला "ऱ्हाऊ द्या वैनी" म्हणाला, ते तोंडाच्या हालचालीवरून कळलं.

तो गेल्यावर घर फार मोकळं वाटलं. मोकळं म्हणजे बरं असं नाही.

७ डिसेंबर, रविवार

आठवडाभर एकटा रियाज केला. ओळ संपली की मागं कोणी नाही. मी ओळ सोडतो आणि सवयीनं थांबतो, आणि ती तिथंच जमिनीवर पडते. वीस वर्षांची खोड आहे, जाईल.

स्वप्नाली जेवायला वाढते, बोलत नाही. बोलते तेव्हा समोर येऊन, तोंडाकडं बघत, सावकाश. लहान पोराला सांगावं तसं. हाही अपमानच.

१३ डिसेंबर, शनिवार. सांगली

सगळं जसं घडलं तसं लिहायचं आहे. लपवाछपवी केली तर ही वही कशासाठी?

सकाळी स्टुडिओत पोचलो. रेकॉर्डिंग करणारा साईराज, तिशीतला, चांगलं बोलणारा. गाणं सुरू केलं. पहिल्या कडव्यानंतर काचेमागून त्याचा आवाज, "काका, गिटार एकदा बघून घेताय का?" बघितली, बरोबर होती. पुन्हा सुरू. पुन्हा, "काका, जरा वरच्या दोन तारा…" तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मला कळलं, जिनेशनं यालाही गाठलंय.

मी म्हणालो, "बाबा, आधी तुझ्या खोलीतली शीळ बंद कर. सारखी वाजतेय."

"कुठली शीळ?"

"ही. ऐकू येत नाही? एसीची असेल."

त्यानं एसी बंद केला. शीळ चालूच. मग त्यानं एकेक यंत्र बंद केलं. मी म्हणालो, अजून आहे. पोरगं सज्जन, बाहेर जाऊन मेन स्विचच पाडून आलं. दारं मिटलेली, भिंतींना जाड गाद्या, आत चिटपाखरू नाही. खोलीत आम्ही दोघं आणि ती शीळ. तेवढीच, तशीच, डावीकडून.

"आता?" त्यानं विचारलं.

"रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर असेल," मी म्हणालो. पण माझ्या आवाजात दम नव्हता.

दिवे लावल्यावर तो तारांचं यंत्र घेऊन आला. जिनेशनं पाठवलं होतं तसलंच. मी भडकलो. "यंत्र नको आणूस. माझ्या बापाची रीत दाखवतो तुला, मग बोल." गिटार उभी घेतली, हनुवटी तिच्या खांद्यावर दाबली, डोळे मिटले आणि जोडाच्या दोन तारा एकदम छेडल्या.

लाकूड थरथरलं.

दाढेपर्यंत ती थरथर आली, हलकी, ठेक्यात, कोणी आतून धडका माराव्यात तशी. मला वाटलं हनुवटी नीट बसली नाही. सरकवून पुन्हा टेकली. पुन्हा तेच. माझा कान सांगत होता, दोन्ही तारा एक आहेत, दुधात साखर. आणि लाकूड सांगत होतं, खोटं.

मग मी खुंटी हळूहळू पिळली. थरथर संथ झाली, अजून संथ, आणि एका जागी येऊन पार निवली. लाकूड गप बसलं. कानाला मात्र त्या जागी दोन्ही तारा भांडत होत्या, आटपाडीला भांडत होत्या तशाच, ज्या दिवशी धनगर बाबा म्हणाले होते की गिटार गोड वाजली.

डोळे उघडले. साईराजनं गिटारीच्या डोक्याला यंत्र लावून ठेवलं होतं. त्यावर हिरवा दिवा होता.

 मी बसूनच राहिलो.  इतकी भीती मला कधी वाटली नाही. आबा डोळ्यासमोर आले. तोफेशेजारी हयात घालवलेला माणूस, मागून चार हाका मारल्या तरी ढिम्म, आणि आम्ही घरभर सांगत सुटलो की तंद्री आहे. त्यांना ऐकूच येत नव्हतं. ते लाकडाला विचारून गात होते. डोंगर बहिरा झाला, हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि स्वतःच्या तोंडानं गावोगाव गायलो, आणि यमक यमक करत बसलो.

मग एकेक गोष्ट उलटी फिरायला लागली. उजवीकडं उभं राहणं. माईकवाल्याला केलेली खूण. कानाशी येऊन ओढलेली झील. झाकून ठेवलेलं ते ताट! त्या ताटापाशी आलो आणि मला रडू आलं, साईराजसमोरच.

जिनेशला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. तोंडातून निघालं, "जेवलास का?"

माधवनगर इथून हाकेच्या अंतरावर. स्कूटरवर आला, खांद्याला तुणतुणं. माझी खोड जाते थोडीच! विचारलं, "तुला म्हाईत होतं मी बोलावणार?"

"न्हाई."

"मग तुणतुणं?"

"रोजच घिऊन फिरतोय. म्हनलं, दादांचा कवा फोन येतोय काय म्हाईत."

"कवापास्नं कळलं तुला?"

"गणपतीच्या आदीपास्नं. वैनीस्नी बी ठाव हाय. डॉक्टरांस्नी इचारून आलोय आमी."

"मग सांगितलं का न्हाईस रं मला?"

तो चाचरला. "तुमी गाणं सोडलं असतं दादा. आन् सांगणाऱ्याला बी. म्हनलं अल्बम हू दे, मग न्यावं डॉक्टरकडं."

खरंच सोडलं असतं. सांगणाऱ्याला तर मी न सांगताच सोडलं होतं.

दुपारभर गायलो. तो उजवीकडं उभा राहिला. गिटार त्यानं माझ्यासमोर, माझ्या हातातून घेऊन लावली. मी वर हनुवटी टेकून बघितली आणि लाकूड गप होतं. कानाला अजून सगळं वाकडंच लागत होतं. त्याची झील आली की ती धरायची आणि चालत राहायचं, एवढंच केलं. वीस वर्षं मी समजत होतो की तो माझ्या मागं गातो.

आबांचं गाणं शेवटी ठेवलं. सुरू करणार तेवढ्यात उघड्या दारातून बघितलं तर बाहेर उन्हं कलली होती. गिटार खाली ठेवली.

"जेव आधी. दिवस मावळतोय."

"एक टेक हू दे दादा, मग बघू."

"मग रात हुईल. जेव म्हटलं ना."

स्कूटरच्या डिकीत चंदनबालाबाईंनी दिलेला डबा होता. साईराजच्या टेबलावर बसून तो जेवला, आणि मी शेजारी त्याचं तुणतुणं राखत बसलो. ते गाणं एका दमात झालं. साईराजनं ऐकवलं तेव्हा मला ते नीट कळलं नाही, पण जिनेश डोळे पुसत होता, त्यावरून चांगलं झालं असावं.

खुंट्यांवरचं कुंकू रुमालानं पुसून टाकलं.

मग स्वप्नालीला फोन केला. म्हणालो, "डॉक्टरांकडं मला कधी न्यायचंय?"  मग ती काहीतरी बोलली, भरभर, रडत असावी. मला एक शब्द लागला नाही. "बरं" म्हणणार होतो. फोन डाव्या कानावरून काढला, उजव्याला लावला आणि म्हणालो, "परत सांग."